रॅप करणाऱ्या मुलींचा दुसरा अल्बम कुठे अडतो?

अमेरिकन रॅपर कार्डी बी हिचा दुसरा अल्बम ‘अ‍ॅम आय द ड्रामा?’ १९ सप्टेंबर २०२५ रोजी आला. पहिला अल्बम २०१८ चा. त्यासाठी २०१९ मध्ये सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा ग्रॅमी एकटीच्या नावावर मिळवणारी ती पहिली महिला ठरली. तरीही दुसऱ्या अल्बमला सात वर्षं लागली. मधल्या काळात ती तीन मुलांची आई झाली. लॉरिन हिलला १९९९ मध्ये एका रात्रीत पाच ग्रॅमी मिळाले, पण तिचा दुसरा एकल स्टुडिओ अल्बम अजून आलेला नाही. दोघींची कारणं वेगळी, पण पहिल्या यशानं पुढची वाट आपोआप मोकळी होत नाही, हे दोन्हीकडे दिसतं.

हिपहॉपमध्ये बाई उशिरा आली, असंही नाही. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ज्या पार्टीतून हिपहॉप सुरू झालं असं मानतात, ती सिंडी कॅम्पबेल या मुलीनं भरवली होती. इतिहासात नाव मोठं झालं ते तिथं रेकॉर्ड वाजवणाऱ्या तिच्या भावाचं, डीजे कूल हर्कचं.

आता आपल्याकडे पाहू. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि हजारो महिला जमल्या होत्या. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, असं बाबासाहेबांनी तिथं सांगितलं. आज विदर्भातल्या रॅपला तीच मोजपट्टी लावली तर? अमरावतीचा हंड्रेड आरबीएच देशभर ऐकला जातो. पण इथल्या किती मुलींची नावं आपल्याला पटकन आठवतात?

मुलींकडे आवाज नाही, असं कोण म्हणेल? कडुबाई खरात एकतारीवर भीमगीतं गात घराघरांत पोहोचल्या. महादेव कोळी समाजातली माही जी मराठी-हिंदीत जंगल-जमिनीवर रॅप करते.

पहिलं गाणं मोबाइलवर आणि फुकटच्या बीटवर होतं. कौतुक होतं, व्हिडिओ फिरतो. अल्बमला मात्र स्टुडिओचं भाडं, बीट बनवणाऱ्याचा मोबदला, मिक्सिंग आणि कित्येक महिन्यांचा सराव लागतो. रेकॉर्डिंग रात्री उशिरा चालतं आणि तिथं बहुतेक मुलंच असतात. घरचे विचारतात, “सोबत कोण आहे?” मुलगा तिथं वाढतो, मुलगी तिथंच थांबते.

यावर उपाय मंडळांच्या हातात आहे. १४ एप्रिलच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमांत मुलींना स्वागतगीतापुरतं न बोलावता पूर्ण वेळ आणि ठरलेलं मानधन द्यावं. विहाराची खोली दिवसा सरावाला द्यावी. डीजेच्या भाड्यातला काही भाग एका मुलीच्या रेकॉर्डिंगला ठेवावा. आणि एकदा बोलावलेल्या मुलीला पुढच्या वर्षीही बोलवावं. दुसरा अल्बम तिथूनच सुरू होतो.

जय भीम!