दिनशॉजींच्या शिव्या आणि विद्यापीठाची घाई

रोहिंटन मिस्त्री यांच्या १९९१ मध्ये आलेल्या ‘सच अ लाँग जर्नी’ या कादंबरीत दिनशॉजी नावाचा एक पारशी बँक कर्मचारी आहे. ऑफिसात सगळ्यांना हसवणारा, पण दुखण्याने आतून पोखरलेला. काळ १९७१ चा. मुंबईतल्या रस्त्यांची जुनी नावं जाताहेत, याचा त्याला संताप येतो. फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक कशाला केला, म्हणून तो शिव्या हासडतो. शिवसेनेलाही सोडत नाही.

हे वाचताना मराठी माणसाला लागतं. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी ज्या परिसरात गोळ्या झेलल्या, त्या चौकाबद्दल हे बोलणं आहे. तेव्हा २०१० मध्ये या कादंबरीवरून जे विद्यार्थी चिडले, त्यांचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो विद्यापीठाने त्या रागाचं काय केलं, याचा.

ही कादंबरी तेव्हा मुंबई विद्यापीठात बी.ए.च्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात होती. शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने आक्षेप घेतला, विद्यापीठाच्या दारात प्रती जाळल्या. सेंट झेवियर्समध्ये शिकणारे आदित्य ठाकरे या मोहिमेत पुढे होते. कुलगुरू डॉ. राजन वेळूकर यांनी तातडीचे अधिकार वापरले आणि पुस्तक अभ्यासक्रमातून काढून टाकलं. झेवियर्सचे तेव्हाचे प्राचार्य फादर फ्रेझर मस्करेन्हस यांनी या निर्णयाला उघड विरोध केला.

अभ्यासक्रमात काय असावं, हे ठरवण्याची विद्यापीठात एक वाट असते. त्या त्या विषयाचे प्राध्यापक असलेलं अभ्यास मंडळ पुस्तकं सुचवतं, मग विषय विद्याशाखेकडे आणि विद्या परिषदेकडे जातो. आक्षेप असेल तर तोही याच वाटेने नेता येतो. मंडळाला पत्र द्या, कोणत्या पानावर काय खटकलं ते सांगा, उत्तर मागा. तातडीचा अधिकार कायद्यात आहे तो खरोखरच थांबायला वेळ नसेल तेव्हासाठी. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात शिकवल्या जाणाऱ्या कादंबरीने अशी कोणती आणीबाणी ओढवली होती?

‘भावना दुखावल्या’ हे कारण कायद्यात वाटतं तितकं भक्कम नाही. घटनेच्या कलम १९(२) मध्ये अभिव्यक्तीवर निर्बंध घालण्याची कारणं मोजून दिली आहेत. सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. कुणाला राग येणं त्यात नाही. आरक्षणावरच्या एका तमिळ चित्रपटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावलं होतं, की निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीपुढे सरकारने अभिव्यक्तीचा बळी देता कामा नये. संरक्षण देणं हे त्याचं कामच आहे.

एक भेद मात्र कसोशीने पाळायला हवा. मत कितीही कडू असो, ते मत असतं. वसतिगृहात एखाद्या मुलाला जातीवरून हिणवणं, त्याचं जगणं नकोसं करणं, हा छळ आहे आणि त्यासाठी ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. अभिव्यक्तीच्या नावाखाली हा छळ झाकणाऱ्यांनी या स्वातंत्र्याचं मोठं नुकसान केलं आहे.

हुतात्मा चौक विद्यापीठाच्या फोर्टमधल्या इमारतीपासून चालत काही मिनिटांवर आहे. दिनशॉजींचं ते संभाषण वर्गात वाचून मुलांना तिथे नेता आलं असतं. १९५५-५६ मध्ये इथे काय घडलं, गिरणगावातली माणसं रस्त्यावर का उतरली, आणि त्याच शहरात एका म्हातारा होत चाललेल्या पारशाला आपण परके होतोय असं का वाटलं, हे दोन्ही एका तासात बोलता आलं असतं. चिडलेल्या मुलांना दिनशॉजींना खणखणीत उत्तर देता आलं असतं. तो मान त्यांनाही मिळाला नाही.

पुढे दिल्ली विद्यापीठात हेच वेगळ्या वाटेने झालं. रामायणाच्या अनेक परंपरांवरचा ए. के. रामानुजन यांचा निबंध २०११ मध्ये तिथल्या विद्या परिषदेने इतिहासाच्या अभ्यासक्रमातून वगळला. तज्ज्ञ समितीतल्या बहुतेकांचं मत निबंधाच्या बाजूने होतं, तरीही. म्हणजे रीतसर ठराव करूनही अभ्यासकांचं मत डावलता येतं.

महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातही कुलगुरूंचा तातडीचा अधिकार कायम आहे. पुस्तक काढण्यासाठी तो यापुढे कुणी वापरला, तर लेखी कारणं त्याच दिवशी जाहीर व्हावीत आणि महिन्याभरात अभ्यास मंडळाने आक्षेप घेणाऱ्यांना समोर बसवून निर्णय करावा, एवढा नियम तरी विद्यापीठांनी करून घ्यावा.