डीबीचं ड्रेसिंग

31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं वीजजाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याशी जोडलं गेलं. तेव्हापासून सगळा देश 50 हर्ट्झच्या एकाच तालावर चालतो. एवढा मोठा सांधा सोलापुराशी जुळला, पण गावात त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. असल्या सांध्यावर इंजिनिअर असतात, मोजमापाची यंत्रं असतात, नोंदवह्या असतात. तीच वीज महावितरणच्या डीपीवरून उतरत जुळे सोलापुरातल्या किंवा विजापूर रोडवरच्या एखाद्या घरात येते, तेव्हा भिंतीतल्या एका पत्र्याच्या पेटीत तिला पुन्हा चाळीसेक सांधे ओलांडावे लागतात. ते सांधे एकटा वायरमन एका पेचकसाने करतो, आणि बहुतेकदा शेवटच्या दिवशी, रंगारी शिडी घेऊन मागे उभा असताना.

ही पेटी म्हणजे डीबी, डिस्ट्रिब्युशन बोर्ड. दार उघडलं की एमसीबींच्या, म्हणजे आपोआप पडणाऱ्या स्विचांच्या, दांड्यांची रांग दिसते. खरं काम त्या रांगेमागच्या झाकणाखाली असतं. मीटरकडून येणारी मेन आधी मेन स्विचमध्ये जाते, तिथून करंटची गळती पकडणाऱ्या आरसीसीबीत, तिथून पट्टीने सगळ्या एमसीबींना, आणि प्रत्येक एमसीबीतून एकेक फेज घरात निघतो: हॉलचे दिवे, स्वयंपाकघर, गिझर, एसी, पाण्याची मोटार. प्रत्येक फेजसोबत गेलेला न्यूट्रल परत येऊन न्यूट्रल लिंकला लागतो आणि अर्थ अर्थ लिंकला. दहा सर्किटं धरली तर याच तीस जोडण्या झाल्या. मेन आणि आरसीसीबीच्या वेगळ्या.

या पेटीतल्या वायरा नेटक्या बसवण्याला वायरमन ‘ड्रेसिंग’ म्हणतात. घरमालकाला ती हौस वाटते. झाकण लागल्यावर आत कोण बघणार? पण एमसीबी काय बघतो आणि काय बघत नाही हे कळलं, की नेटकेपणाचा अर्थ बदलतो.

एमसीबी फक्त प्रमाणाबाहेर गेलेला करंट ओळखतो. शॉर्ट झालं तर त्याच्यातली चुंबकी कॉइल डोळ्याचं पातं लवायच्या आत दांडी पाडते, लोड जास्त झाला तर दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि जरा उशिराने पाडते. सैल स्क्रूच्या वेळी मात्र करंट वाढतच नाही. समजा एका ढिल्या जोडणीचा रोध 0.1 ओहम आहे आणि तिच्यातून 15 अँपिअर चालले आहेत. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे साडेबावीस वॅट उष्णता त्या एका टोकाला तयार होते. डाग देण्याची साधी सोल्डरिंग इस्त्री 25 वॅटची असते. तेवढी धग बंद पेटीत, प्लास्टिकच्या आवरणाला लागून, गिझर चालू आहे तोवर राहते. तापून-निवून स्क्रू आणखी सैल होतो, तांबं काळवंडतं, रोध आणखी वाढतो. एमसीबीच्या हिशेबी सगळं ठीक असतं. घरात जळका वास येतो तेव्हा कळतं.

सोलापूरच्या उन्हाळ्यात हे लवकर घडतं. घरगुती एमसीबीचं प्रमाणीकरण 30 अंश तापमान धरून केलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच 42-43 अंश, आणि डीबी पश्चिमेच्या तापत्या भिंतीत असेल तर पेटीत त्याहून जास्त. आतली पट्टी आधीच तापलेली असल्याने 16 अँपिअरचा एमसीबी 50 अंशांना साधारण चौदा-पंधरा अँपिअरचाच धरावा लागतो. मग ऐन दुपारी एसीचा एमसीबी पडू लागतो आणि कुणीतरी सल्ला देतं, “32चा टाका, कटकट मिटेल.” कटकट मिटते खरी, पण भिंतीतली अडीच चौरस मिलिमीटरची वायर आता विनाराखण झाली. एमसीबी हा वायरीच्या रक्षणासाठी असतो, एसीच्या सोयीसाठी नाही. शिवाय तो गरमीने पडतोय की त्याच्याच ढिल्या स्क्रूच्या धगीने, हे झाकण काढून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. पाहायचं तर आत वायरांचा गुंता नसावा लागतो.

चांगल्या ड्रेसिंगची सुरुवात गिलाव्याच्या आधी होते. पेटी ओळंब्यात बसली पाहिजे आणि तिची कड तयार गिलाव्याच्या पातळीत आली पाहिजे, नाहीतर दार कायमचं अर्धवट उघडं राहतं. पाइप पेटीत येतात त्या भोकांना बूश लावायचे, कारण पत्र्याची धारदार कड वायरीचं आवरण सोलते. गवंडी कामाला लागण्यापूर्वी पेटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे. सिमेंटचे शिंतोडे स्क्रूच्या आट्यांत गेले की तो स्क्रू आवळल्यासारखा वाटतो, आवळला जात नाही. एमसीबी तर रंगकाम आटोपेपर्यंत आणूच नयेत.

वायरा ओढून झाल्या की पेटीत वीतभर जास्तीची लांबी सोडायची, आणि टोकं कापण्याआधी प्रत्येक वायरीवर खूण करायची. चांगले वायरमन नंबरचे फेरूल चढवतात, काही जण चिकटपट्टीवर पेनने लिहितात. दोन्ही चालेल, पण ‘लक्षात आहे माझ्या’ हे चालणार नाही. लाल, पिवळा, निळा हे तीन फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. काळं बंडल संपलं म्हणून न्यूट्रलला लाल वायर ओढायची सवय फार जणांना आहे, आणि दहा वर्षांनी येणाऱ्या दुसऱ्या वायरमनला ती भोवू शकते.

आता सोलणं. टर्मिनलच्या खोलीइतकंच आवरण काढायचं, साधारण दहा-बारा मिलिमीटर. जास्त सोललं तर तांबं बाहेर दिसतं, कमी सोललं तर स्क्रू तांब्याऐवजी प्लास्टिकवर बसतो. दातांनी किंवा ब्लेडने सोलताना दोन-चार तारा तुटतात आणि तेवढी वायर तिथे बारीक होते. म्हणून स्ट्रिपर. हल्लीच्या घरगुती वायरी बारीक तारांच्या असतात. जुने वायरमन अजून ‘तीन-वीस’, ‘सात-वीस’ म्हणतात ते जाड तारांच्या काळातलं मोजमाप, किती तारा आणि किती गेजच्या. बारीक तारा स्क्रूखाली पसरतात. त्यांना पिन लग दाबून बसवला तर पकड टिकते. टोकाला डाग देऊन कडक करण्याची युक्ती मात्र वाईट, कारण शिसं-कथील दाबाखाली हळूहळू सरकतं आणि सांधा वर्ष-दोन वर्षांत सैल पडतो. जाड वायर भोकात जात नाही म्हणून चार तारा छाटून घुसवणं तर निव्वळ पाप.

एमसीबीच्या टर्मिनलमध्ये एक फसवी जागा असते. स्क्रू फिरवला की आतली चौकट वर-खाली होते. वायर चौकटीत न जाता तिच्या मागे गेली तरी स्क्रू घट्ट बसतो, हाताला समाधान वाटतं आणि वायर मोकळीच राहते. म्हणून प्रत्येक जोडणी आवळून झाली की वायर ओढून बघायची. किती आवळायचं हे उत्पादक न्यूटन-मीटरमध्ये देतो. त्यासाठी वेगळा पेचकस मिळतो. तो नसला तरी स्क्रूच्या खाचेत नीट बसणारं टोक हवंच. झिजल्या पेचकसाने स्क्रूचं डोकं खराब होतं आणि पुढे तो कुणालाच आवळता येत नाही.

एमसीबींना फेज देण्यासाठी तांब्याची दातेरी पट्टी मिळते. ती न घेता वायरीचे तुकडे एका एमसीबीतून दुसऱ्यात लूप करत नेले, तर पहिल्याच लूपवर सगळ्या घराचा भार येतो आणि एका भोकात दोन वायरी दाबाव्या लागतात. पट्टीचे पैसे वाचवून चहाच होईल.

सगळ्यात जास्त गोंधळ न्यूट्रलचा. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघतो. फरक 30 मिलिअँपिअरपर्यंत पोहोचला की तो पडतो, कारण तो फरक कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जात असू शकतो. याचा अर्थ, ज्या सर्किटांचे फेज त्या आरसीसीबीतून गेले, त्यांचेच न्यूट्रल त्याच्या खालच्या लिंकला यायला हवेत. दोन आरसीसीबी असतील तर दोन वेगळ्या न्यूट्रल लिंक. एक काळी वायर चुकून शेजारच्या लिंकला गेली, की तो दिवा लावला रे लावला, घर अंधारात. कंटाळलेला माणूस मग आरसीसीबीच काढून टाकतो किंवा दोन्ही बाजूंनी वायर मारून त्याला निकामी करतो. एका चुकलेल्या वायरीपायी घरातल्या माणसांची एकमेव राखण गेली. न्यूट्रल लिंकवर एमसीबीच्याच क्रमाने वायरा लावल्या, तिसऱ्या एमसीबीचा न्यूट्रल तिसऱ्या स्क्रूला, तर ही चूक शोधायला पाच मिनिटं पुरतात. नाहीतर एकेक वायर सोडवत दिवस जातो.

थ्री फेज घरात न्यूट्रल सैल पडला तर प्रकरण जास्त महागात जातं. तीन फेजांवरचा भार सारखा नसतो आणि मधला न्यूट्रलच प्रत्येकाला 230 व्होल्टवर धरून ठेवतो. तो सुटला की दोन फेजांमधले सुमारे 400 व्होल्ट त्या दोन भारांमध्ये वाटले जातात आणि ज्या बाजूला फक्त टीव्ही नि राउटर आहे तिथे व्होल्टेज तीनशेच्या पुढे जाऊ शकतं. एकाच वेळी चार वस्तू जळाल्या की लोक वरून ‘हाय व्होल्टेज’ आलं म्हणतात. कधी ते वरून आलेलं असतं, कधी आपल्याच पेटीतल्या एका स्क्रूतून.

सोलापूरच्या पूर्व भागात घराला लागूनच यंत्रमाग असतात. तिथे आणखी एक भर पडते, ती कापसाच्या बारीक तंतूंची. रिकाम्या जागांवर ब्लँक प्लेट नसली की पेटीत रुईचा थर साठतो, आणि तापलेल्या टोकाजवळ तो थर असणं म्हणजे काय हे माग चालवणाऱ्याला सांगायला नको. एरवीही रिकाम्या दोन-तीन जागा ठेवाव्यातच. कुंभारीजवळच्या रे नगरात 19 जानेवारी 2024 रोजी पहिल्या टप्प्यातली 15,000 घरं असंघटित कामगारांच्या हवाली झाली. अशा घरात आज दोन दिवे, दोन पंखे असतील, पण शिवणयंत्राची मोटार, कूलर, फ्रिज एकामागून एक येणारच. पेटीत जागा नसली की नवी वायर जुन्या एमसीबीत कोंबली जाते.

हल्ली मोबाइलवर डीबीचे फोटो फिरतात: वायरा एकमेकींना चिकटून, काटकोनात वळवून, दर दोन इंचांवर पट्टा. दिसतं छान, पण मला त्यातले काही पसंत नाहीत. गिझर, एसी आणि स्वयंपाकघराच्या जाड वायरी एकाच जुडग्यात करकचून आवळल्या तर त्यांची उष्णता बाहेर पडत नाही, आणि वायर तेवढा करंट वाहण्याच्या लायकीची राहत नाही. जास्तीची लांबी कापून टाकली तर टोक जळाल्यावर पुन्हा सोलायला वायर उरत नाही. कोणतीही एक वायर बाकीच्यांना हात न लावता सोडवता आली, तर ते ड्रेसिंग चांगलं. बाकी हौस.

इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनचे फेज आणि न्यूट्रल दोन्ही वेगळे ठेवावे लागतात, आणि पेटीवर ठळक लिहावं लागतं की मेन बंद केला तरी या वायरीत करंट असतो. एमसीबींच्या नावांची चिठ्ठी दाराच्या आतून लावायची. ती ‘किट-1’, ‘बेड-2’ अशी वायरमनच्या लिपीत असू नये. सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू नांदतात. घरातली आजी जी भाषा वाचते, त्या भाषेत ‘पाण्याची मोटार’ लिहावं. शॉर्ट झालं तेव्हा घरी बहुधा तीच असते.

झाकण लावण्यापूर्वी तपासणी. सगळी उपकरणं आणि एलईडी दिवे काढून 500 व्होल्टच्या मेगरने फेज-न्यूट्रल एकत्र धरून अर्थशी इन्सुलेशन मोजायचं. एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर कुठेतरी वायर सोलली गेली आहे किंवा पाइपात पाणी आहे. मग पुरवठा देऊन आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबायचं. पुढेही ते महिन्यातून एकदा घरच्यांनीच दाबावं. शेवटी गिझर, एसी, मोटार तासभर एकत्र चालवायची, मेन बंद करायचा, इन्व्हर्टरही बंद करायचा, टेस्टर लावून खात्री करायची, आणि मग वायरमनने एकेका टोकाला बोट लावून कोणतं जास्त तापलंय ते पाहायचं. पहिला उन्हाळा सरला की परवानाधारक माणसाकडून स्क्रू पुन्हा तपासून घ्यावेत.

एवढं सगळं माहीत असलेले वायरमन गावात आहेत. मग पेट्यांत गुंता का दिसतो? काम पॉइंटवर ठरतं म्हणून. एका दिव्याचा पॉइंट, एका प्लगचा पॉइंट, इतके गुणिले दर. डीबी त्या हिशेबात एका रकमेत जाते, कधी धरलीही जात नाही, आणि तिथे घालवलेला अर्धा दिवस वायरमनच्या खिशातून जातो. तेव्हा दर ठरवतानाच डीबीचं ड्रेसिंग, फेरूल, लग आणि मेगरची तपासणी हे वेगळं लिहून त्याचे वेगळे पैसे द्यावेत, आणि झाकण लावण्यापूर्वी पेटीचा एक फोटो मागून घ्यावा.