पार्किन्सन्स झालाय? मग बसून राहू नका

पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं की बारामती-इंदापूरकडच्या घरांत पहिलं वाक्य ऐकू येतं ते असं: "तात्या, आता शेतात यायचं नाही. निवांत बसा." हे मायेपोटी म्हटलेलं असतं, पण नेमकं हेच बसणं घातक ठरतं. या आजारात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. त्यामुळे हालचाल मंदावते, अंग ताठरतं. त्यात माणूस खुर्चीला खिळला, की पायांतली ताकद आणि तोल दोन्ही लवकर जातात.

अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. निदान नुकतंच झालेल्या, औषध अजून सुरू न केलेल्या रुग्णांपैकी काहींना 6 महिने ट्रेडमिलवर चांगला दम लागेपर्यंत चालवलं. त्यांची हालचालींची लक्षणं जवळपास होती तिथेच राहिली. नेहमीसारखं जगणाऱ्यांची मात्र वाढली. व्यायामाने आजार बरा होत नाही, पण गोळ्यांइतकाच तो उपचाराचा भाग आहे. तेवढं जोरात चालण्याआधी हृदयाची तपासणी आणि उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो का, हे पाहणं गरजेचं.

"हात थरथरतो, म्हणजे पार्किन्सन्सच" हेही खरं नाही. म्हातारपणी हात कापण्याची इतर कारणं असतात, आणि पार्किन्सन्सच्या काही रुग्णांना कंप अजिबात नसतो. इतर लक्षणंही असतात: चालताना एक हात हलेनासा होतो, सही बारीक होत जाते, आवाज खाली जातो. वास न येणं आणि बद्धकोष्ठता तर कित्येकदा काही वर्षं आधीच सुरू झालेली असते. चेहऱ्यावरचे भाव कमी झाले, की घरच्यांना वाटतं, तात्या रागावलेत.

सर्वांत जास्त गैरसमज होतो तो पाय थिजण्यावरून. माणूस उंबरठ्यापाशी येतो आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे जागीच राहतात. मागून कुणी म्हणतं, "आत्ता तर जिना चढून आला होतात की!" पण हे नाटक नव्हे. पुण्याच्या डिझायनर मिलेहा सोनेजी यांना आपल्या काकांमध्ये हेच दिसलं: सपाट जमिनीवर अडखळणारे काका जिना सहज चढत-उतरत. त्यांनी घरातल्या फरशीवर पायऱ्यांचा भास होईल असं चित्र अंथरलं आणि काका त्यावरून चालू लागले. नेदरलँड्सचे डॉक्टर बास ब्लूम यांच्या 58 वर्षांच्या एका रुग्णाला चार पावलंही धड टाकता येत नव्हती, पण तो सायकल उत्तम चालवायचा. आपोआप होणारं चालणं बिघडलं, तरी डोळ्यांना दिसणारी रेघ किंवा कानावर पडणारा ठेका मेंदूला दुसरी वाट दाखवतो.

ठेक्याची या मुलखात काय वाण! तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते आणि वाटेत बेलवाडीला गोल रिंगण होतं. टाळ-मृदंगावर पाऊल टाकणं इथल्या कित्येकांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं असतं. सकाळी अंगणात भजन लावून त्या तालावर लांब पावलं टाकता येतात. पाय थिजलाच, तर ओढायचं नाही. थांबावं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यावं, "एक, दोन" म्हणावं आणि मग पाऊल उचलावं. उंबरठ्याआधी फरशीवर रंगीत पट्ट्या आडव्या चिकटवल्या तरी फरक पडतो.

"औषध जितकं उशिरा, तितकं बरं" ही समजूतही टिकलेली नाही. नेदरलँड्समधल्या 2019 च्या अभ्यासात लेव्होडोपा हे या आजारावरचं औषध लवकर सुरू केल्याने नुकसान झाल्याचं आढळलं नाही. खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपाच असतं, म्हणून गोळ्यांसोबत तिचं चूर्ण परस्पर घेऊ नये. दूध, डाळ, मटण यांतली प्रथिनं औषधाच्या आड येऊ शकतात. त्यामुळे बहुतेकांना गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात.

आजार लपवण्याने मात्र सगळंच अडतं. चारचौघांत चहा सांडेल या भीतीने माणूस लग्नाला जात नाही, मग पारावरही जात नाही. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळाने ही कोंडी फोडली. तिथे रुग्ण शुभार्थी आणि त्याला सांभाळणारा शुभंकर. सभा होतात, सहली निघतात. नर्तक हृषीकेश पवार यांच्या वर्गात शुभार्थी नाचतातही. बारामतीहून पुणं शंभर किलोमीटर. तिथे दर वेळी जाणं जमणार नाही, पण चार शुभार्थी, त्यांचे शुभंकर, देवळाचा सभामंडप आणि एक टाळकरी एवढ्यावर आठवड्यातून तीन सकाळी व्यायाम सुरू होऊ शकतो. पहिल्या काही वेळा फिजिओथेरपिस्टला बोलवावं, म्हणजे कुणाला कोणता व्यायाम झेपेल आणि कुणाच्या शेजारी आधाराला माणूस हवा, हे ठरेल.