पेनड्राइव्ह दिसत नाही? आधी ‘फॉरमॅट’ला हात लावू नका



आज आपण एका लहानशा वस्तूबद्दल बोलणार आहोत. बोटाएवढा पेनड्राइव्ह, नाहीतर तळहातावर मावेल अशी बाहेरून लावायची हार्डडिस्क. बचत गटाचे तीन-चार वर्षांचे हिशेब, सभासदांचे फोटो, कर्जाच्या अर्जांच्या प्रती, सातबारा, लेकीचे शाळेचे दाखले, गावातल्या एखाद्या आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, हे सगळं आता तिच्यात असतं. ती कॉम्प्युटरला लावावी आणि पडद्यावर काहीच येऊ नये, म्हणजे पोटात गोळा येतो. वस्तू बिघडल्यामुळे जेवढं नुकसान होतं, त्याहून मोठं नुकसान कधीकधी त्या घाबरलेल्या पाच मिनिटांत आपल्याच हातून होतं. ते कसं टाळायचं, हे आज सांगायचं आहे.

आम्ही बोलणार आहोत लिनक्सच्या कॉम्प्युटरबद्दल. लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली, पण फुकट मिळणारी आणि कोणालाही वापरता येणारी. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने तिची सुरुवात केली. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली ‘बॉस’ नावाचं भारतीय लिनक्स काढलं. त्यात मराठीचीही सोय आहे. आता मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. बरेच जुने कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नाहीत. मग चांगला चालता कॉम्प्युटर भंगारात घालण्यापेक्षा त्यावर लिनक्स टाकून घेतलेलं बरं, असं शहाणी माणसं करतात. बचत गटाच्या खोलीत, शाळेत, वाचनालयात असे कॉम्प्युटर तुम्हाला भेटतील. तिथे पेनड्राइव्ह दिसला नाही की सगळे म्हणतात, “हे लिनक्सचंच काहीतरी आहे.” खरं म्हणजे कारण बहुधा साधं असतं. फक्त ते क्रमाने शोधावं लागतं.

हा क्रम लक्षात ठेवायला आपण पाहुण्याचं उदाहरण घेऊ. दारात पाहुणा आला तर चार गोष्टी व्हाव्या लागतात. एक, तो फाटकापर्यंत पोचला पाहिजे. दोन, त्याची कडी वाजलेली घरात कोणीतरी ऐकली पाहिजे. तीन, त्याची भाषा घरच्यांना समजली पाहिजे. चार, त्याला आत घेऊन बसायला जागा दिली पाहिजे. पेनड्राइव्हचंही तसंच आहे. तो दिसत नाही म्हणजे या चारपैकी एका ठिकाणी अडला आहे. कुठे अडला ते कळलं की अर्धं काम झालं.

त्याआधी एक गोष्ट बघून घ्या. काही लिनक्समध्ये पेनड्राइव्हचं चित्र समोरच्या पडद्यावर येतच नाही. फाइल उघडायची खिडकी उघडा आणि तिच्या डाव्या बाजूची यादी बघा. खूपदा तो तिथे निमूट बसलेला असतो.

तिथेही नसेल, तर पहिली पायरी: फाटक. वायर काढा आणि दुसऱ्या छिद्रात, म्हणजे पोर्टमध्ये, लावून बघा. टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरचे पुढचे पोर्ट आतून बारीक वायरने जोडलेले असतात, ते ढिले होतात. म्हणून मागच्या बाजूला लावा. आपल्याकडे कापसाच्या दिवसांत तूस आणि उन्हाळ्यात धूळ सगळीकडे जाते, पोर्टातही. कॉम्प्युटर बंद करून कोरड्या मऊ ब्रशने पोर्ट साफ करा. सुई किंवा पिन आत घालू नका.

हार्डडिस्कची वायर बदलून बघा. मोबाइल चार्ज करायच्या काही वायरी फक्त वीज नेतात, माहिती नेत नाहीत. अशा वायरीने डिस्कचा दिवा लागतो, पण पडद्यावर काही येत नाही. आणि विजेचंही गणित आहे. जुन्या पद्धतीचा यूएसबी पोर्ट ५०० मिलिअँपिअर वीज देतो, तर नवा, आतून बहुधा निळा असलेला, ९०० देतो. हार्डडिस्कच्या पोटात चकती फिरते. ती फिरायला लागताना जास्त वीज ओढते. वीज पुरली नाही की डिस्क सुरू होते, थांबते, पुन्हा सुरू होते. एकाच पोर्टाला बहुपोर्टी जोडणी लावून त्यात माउस, कीबोर्ड आणि डिस्क असं सगळं टोचलं असेल, तर डिस्क उपाशी राहते. तिला एकटीला थेट कॉम्प्युटरला लावा.

इथेच एक खबरदारी. डिस्कमधून टक-टक-टक असा एकसारखा आवाज येत असेल, किंवा ती हातातून पडल्यावर बंद झाली असेल, तर ती लगेच काढा. पुन्हा पुन्हा लावून बघू नका. आतल्या चकतीवर ओरखडे पडत असतील, तर प्रत्येक प्रयत्नात माहिती खरवडली जाते.

दुसरी पायरी: कडी वाजलेली कोणी ऐकली का? यासाठी लिनक्सची काळी खिडकी उघडायची. तिला टर्मिनल म्हणतात. उबुंटू किंवा मिंट असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही तीन बटणं एकत्र दाबा. काळ्या खिडकीला भिऊ नका. आज आम्ही सांगणार आहोत त्या आज्ञा फक्त विचारणाऱ्या आहेत, त्या काही पुसत नाहीत.

पेनड्राइव्ह काढून ठेवा. लहान इंग्रजी अक्षरांत, सलग, मध्ये जागा न सोडता लिहा: एल, एस, यू, एस, बी. एंटर दाबा. काही ओळी येतील, त्या मोजा. आता पेनड्राइव्ह लावा, पाच सेकंद थांबा आणि तेच पुन्हा करा. एक ओळ वाढली तर कॉम्प्युटरने कडी ऐकली आहे. ओळ वाढलीच नाही, तर पहिल्या पायरीवर परत जा. वायर, पोर्ट किंवा ती वस्तूच बिघडली आहे. तीच वस्तू दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघितली की दोष कोणाचा ते समजतं.

ओळ वाढली, तर पुढची आज्ञा: एल, एस, बी, एल, के. यात कॉम्प्युटरला जोडलेल्या सगळ्या डिस्क दिसतात, नाव आणि आकारासकट. आपली वस्तू आकारावरून ओळखायची. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह साधारण २९ दिसतो आणि १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते. यात कोणी फसवलेलं नसतं. विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि कॉम्प्युटर १०२४ च्या पटीत, एवढाच फरक.

पहिल्या आज्ञेत वस्तू दिसली, पण या यादीत नाही, असं झालं तर? म्हणजे दारात कोणीतरी उभं आहे, पण आत सामान आहे की नाही ते कळत नाही. हार्डडिस्क असेल तर पुष्कळदा बाहेरच्या डबीतलं छोटं सर्किट गेलेलं असतं आणि आतली डिस्क धडधाकट असते. जाणकार माणूस बऱ्याच डिस्क डबीतून काढून दुसऱ्या डबीत घालून बघू शकतो. पेनड्राइव्ह असेल तर काम अवघड आहे, कारण त्याचं सर्किट आणि साठवण एकाच पट्टीवर असते.

कॉम्प्युटरचं स्वतःचं म्हणणं ऐकायचं असेल, तर एस, यू, डी, ओ लिहा, एक जागा सोडा, मग डी, एम, ई, एस, जी. हा पासवर्ड मागेल. पासवर्ड लिहिताना बऱ्याचदा पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेही नाहीत. तसंच लिहून एंटर दाबा. खूप मजकूर येईल, आपल्याला शेवटच्या दहा-पंधरा ओळी पुरेत. त्यात ‘एरर’ हा शब्द पुन्हा पुन्हा आला, तर वायर, वीज किंवा डिस्कचं आरोग्य यांत दोष आहे. ‘आय-ओ एरर’ असं दिसलं, तर डिस्क म्हातारी झाली असं समजा. तिच्यातली सर्वांत महत्त्वाची माहिती आधी उतरवून घ्या.

तिसरी पायरी: भाषा. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ही गोष्ट सांगणं सोपं आहे. इथे मराठी आहे, वऱ्हाडी आहे, गोरमाटी, गोंडी, कोलामी आहे, पांढरकवडा-झरीकडे तेलुगूही कानावर पडते. कोलामी बोलणाऱ्या आजीचं बोलणं आपल्याला कळलं नाही, म्हणून तिच्याजवळ सांगण्यासारखं काही नाही असं आपण म्हणतो का? नाही. आपण दुभाषा शोधतो. पेनड्राइव्हवर माहिती लिहायच्याही वेगवेगळ्या पद्धती आहेत: फॅट ३२, एक्सफॅट, एनटीएफएस. मोठ्या मेमरी कार्डावर आणि पेनड्राइव्हवर बहुधा एक्सफॅट असतं. २०२० नंतरच्या लिनक्सला ते मुळातच येतं. त्याआधीचं जुनं लिनक्स असेल, तर त्यासाठीचं छोटं पॅकेज टाकून घ्यावं लागतं. तो झाला दुभाषा.

एनटीएफएस ही विंडोजची भाषा. तिची एक वेगळीच गंमत आहे. नवं विंडोज बंद केलं तरी पूर्ण बंद होत नाही, पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून अर्धवट झोपतं. त्या वेळी डिस्क लावलेलीच असेल, तर डिस्कवर ‘काम चालू आहे’ अशी खूण राहू शकते. लिनक्स ती खूण बघतं आणि डिस्क उघडायला नकार देतं, किंवा फक्त वाचू देतं, लिहू देत नाही. हा बिघाड नाही, सावधपणा आहे. ती डिस्क त्याच विंडोजच्या कॉम्प्युटरला लावा, शिफ्टचं बटण दाबून धरून ‘शट डाउन’ करा, म्हणजे ते खरोखर बंद होईल. मग डिस्क काढून लिनक्सला लावा.

आणि आता आजच्या बोलण्यातलं सर्वांत महत्त्वाचं. भाषा कळली नाही की काही कॉम्प्युटर विचारतात, “ही डिस्क फॉरमॅट करायची का?” विंडोज हे हमखास विचारतं. प्रश्न मदतीचा वाटतो, पण त्याचा अर्थ आहे, “मला हे वाचता येत नाही, सगळं पुसून पाटी कोरी करू का?” उत्तर एकच: नाही. न दिसणारी डिस्क रिकामी नसते. फॉरमॅट केल्यावर ती दिसायला लागेल, पण आजीच्या ओव्या गेलेल्या असतील. चुकून फॉरमॅट झालंच, तर त्यावर एक अक्षरही नवीन लिहू नका. जुनी माहिती काही वेळा परत मिळवता येते, पण तिच्यावर नवीन काही लिहिलं गेलं की तेवढी ती गेलीच.

चौथी पायरी: आत घेऊन बसवणं. याला लिनक्समध्ये ‘माउंट’ करणं म्हणतात. एरवी हे आपोआप होतं, पण जुन्या कॉम्प्युटरसाठीच्या हलक्या लिनक्समध्ये ही सोय बंद असू शकते. तेव्हा हाताने करायचं. बऱ्याच लिनक्समध्ये ‘डिस्क्स’ नावाचा प्रोग्राम असतो. तो उघडा, डाव्या बाजूला आपला पेनड्राइव्ह निवडा, उजवीकडच्या चौकटीखाली गाणं सुरू करायच्या बटणासारखा छोटा त्रिकोण असतो, तो दाबा. झालं. त्याच्या शेजारी वजाबाकीचं चिन्ह असतं. त्याला हात लावू नका, ते तो भागच पुसून टाकतं.

आता काढतानाची शिस्त. लिनक्स माहिती आधी स्वतःजवळ घेतं आणि मग सावकाश पेनड्राइव्हवर लिहितं. म्हणून ‘कॉपी झालं’ असं दिसलं तरी आत काम चालू असतं. चक्कीवर दळण संपलं तरी पीठ थोडा वेळ पडत राहतं, तेव्हा आपण डबा ओढत नाही. तसंच इथे. नावाशेजारचं ‘इजेक्ट’चं चिन्ह दाबा, ‘आता काढा’ असं सांगेपर्यंत थांबा. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. लिहिणं चालू असताना लाइट गेली, तर पेनड्राइव्हवरची अनुक्रमणिका बिघडू शकते. इन्व्हर्टर नसलेल्या ठिकाणी मोठं काम लाइट स्थिर असताना करा.

शेवटी, एका जागी ठेवलेली माहिती ही ठेवलेली नसतेच. सामुदायिक रेडिओला सरकारची अट आहे की प्रसारित केलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवायचा. त्यामुळे दुसरी प्रत ही आमच्यासाठी हौस नाही, कामाचाच भाग आहे. तुमच्या गटालाही तोच नियम लावा. तीन प्रती करा: एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक वेगळ्या घरात, म्हणजे अध्यक्षांकडे एक असेल तर सचिवांकडे दुसरी. डिस्क पत्र्याखाली किंवा उन्हात ठेवू नका. मे महिन्यातलं आपलं ऊन तिला सोसत नाही. महिन्याच्या बैठकीत हिशेब वाचून झाला की दुसरी प्रत लावून उघडून बघा, आणि उघडली की इतिवृत्तात तशी एक ओळ लिहा. कागदाची खातेवहीही चालू ठेवा. तिला ना वायर लागते, ना लाइट.