उपनगरातील परवडणारे जेवण : शोध, अर्थकारण आणि अनोळखीपणाची किंमत
(विशेष संदर्भ : डोंबिवली)

गोषवारा

उपनगरात नव्याने राहावयास आलेल्या अल्प उत्पन्नाच्या व्यक्तीला, विशेषतः बाहेरगावच्या विद्यार्थ्याला, रोजचे जेवण कोठे व कसे परवडू शकते याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. स्वस्त जेवण देणारी ठिकाणे उपनगरात पुरेशी असतात; परंतु ज्या कारणांमुळे ती स्वस्त असतात त्याच कारणांमुळे ती नवख्याच्या नजरेस पडत नाहीत, हे लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे. त्यामुळे या ठिकाणांची माहिती हीच एक प्रकारची सवलत ठरते. ती विद्यार्थ्यापर्यंत पोहोचविणे महाविद्यालयास सहज शक्य आहे.

बीजसंज्ञा : खाणावळ, पोळी-भाजी केंद्र, उपनगर, खाडा, स्त्रीश्रम.

प्रस्तावना

प्रवेशप्रक्रिया संपते तेव्हा मुंबई महानगराच्या उपनगरांत दरवर्षी नव्या भाडेकरूंची भर पडते. जळगाव, लातूर, रत्नागिरी अशा ठिकाणांहून आलेली तीन-चार मुले मिळून एक खोली घेतात. खोली दाखविण्यासाठी दलाल असतो, शुल्काची रक्कम पावतीवर छापलेली असते, रेल्वेच्या सवलतीच्या पासाचा अर्ज महाविद्यालयाच्या कार्यालयात मिळतो. जेवायचे कोठे, या प्रश्नासाठी मात्र कोणत्याही कार्यालयात खिडकी नसते. विद्यार्थी प्रारंभी स्थानकाजवळच्या, दर्शनी पाटी असलेल्या उपाहारगृहात जेवतो. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पैसे संपत येतात आणि रात्रीच्या जेवणाची जागा वडापाव घेतो. सकाळच्या पहिल्या तासिकेला पेंगणाऱ्या विद्यार्थ्याविषयी आपण शिक्षक नाना तर्क करतो. तो आदल्या रात्री काय जेवला, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही.

डोंबिवली हे या विषयाच्या अभ्यासासाठी उचित उदाहरण आहे. पहाटेपासून मुंबईकडे निघणारा आणि रात्री परतणारा नोकरदार वर्ग, औद्योगिक वसाहतीतील कामगार आणि विद्यार्थी हे तीनही घटक येथे एकत्र नांदतात. ते ज्यावर रोज अवलंबून असतात अशा भोजनव्यवस्थाही येथे शेजारी-शेजारी आढळतात.

१. 'परवडणे' या संज्ञेचा अर्थ

दरफलकावरील आकडा हा जेवणाचा खरा खर्च नव्हे. १९६० च्या दशकात दादर स्थानकाबाहेर रूढ झालेला वडापाव हा धावपळीच्या माणसाचा नाश्ता होता. नग म्हणून तो स्वस्त आहे. परंतु जेवणाऐवजी तो खाल्ल्यास दोन नग लागतात, वर चहा लागतो आणि दोन-तीन तासांत पुन्हा भूक लागते. डाळ, भाजी व ताक यांचा अभाव राहतो तो निराळाच.

याउलट महिन्याचे पैसे एकरकमी घेणारी खाणावळ प्रथमदर्शनी महाग भासते. येथे 'खाडा' ही संज्ञा ध्यानात घेणे आवश्यक आहे. खाडा म्हणजे सभासद न जेवलेली वेळ. दोन वेळांच्या हिशेबाने महिन्याला ६० जेवणे होतात. परीक्षा, सण वा गावी जाणे यांमुळे १२ वेळा खाडा झाला आणि तो वजा धरला गेला नाही, तर पैसे ६० जेवणांचे व प्रत्यक्ष जेवणे ४८, असा हिशेब होतो. म्हणजेच प्रत्येक जेवण सव्वापट दराने पडते. खाडे धरले जातात काय, किती दिवस आधी सांगावे लागते आणि सलग किती वेळांचा खाडा मान्य होतो, हे प्रश्न दर विचारण्याच्या आधी विचारले पाहिजेत.

उपाहारगृहातील देयकाचेही असेच आहे. नोव्हेंबर २०१७ पासून सर्वसाधारण उपाहारगृहांतील जेवणावर ५ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. त्याशिवाय काही ठिकाणी सेवाशुल्क जोडले जाते. मात्र ते ग्राहकावर सक्तीने लादता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्गदर्शक तत्त्वे ग्राह्य ठरविली. सारांश, जेवणाचा दर, त्याने भागणारी भूक, जाण्यायेण्याचा वेळ आणि एकरकमी द्यावी लागणारी रक्कम या चारही बाबींचा एकत्रित विचार म्हणजे 'परवडणे' होय.

२. स्वस्त भोजनव्यवस्थेचे प्रकार

(अ) खाणावळ : मुंबईच्या गिरणगावात गावाकडे कुटुंब ठेवून आलेल्या कामगारांसाठी स्त्रिया आपल्या राहत्या खोलीत स्वयंपाक करीत आणि ठरावीक सभासदांना जेवू घालीत. या स्त्रियांना सावकारी कर्जातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे जग विस्कटले. तथापि खाणावळीचे तत्त्व टिकून राहिले. जेवणाऱ्यांची संख्या आदल्या दिवशीच ठाऊक असल्याने अन्न वाया जात नाही. पदार्थ एकच असल्याने खरेदी घाऊक होते. जागा घरचीच असल्याने वेगळे भाडे नसते. आणि सभासदांचे आगाऊ पैसे हेच व्यवसायाचे भांडवल ठरते. आजचा घरगुती डबा हे याच तत्त्वाचे फिरते रूप होय.

(आ) पोळी-भाजी केंद्र : घरातील दोघेही नोकरीस जाणारी आणि रोजचा दीर्घ रेल्वेप्रवास करणारी कुटुंबे वाढल्यावर उपनगरांत ही केंद्रे फोफावली. येथे बसण्याची सोय बहुधा नसते. पोळ्या व भाकऱ्या नगावर, भाज्या व उसळी वजनावर वा डब्याच्या मापाने मिळतात. संध्याकाळच्या गाड्या रित्या होऊ लागल्या की येथे रांग लागते. बसण्याची जागा व वाढपी यांचा खर्च नसल्याने दर आटोक्यात राहतो. विद्यार्थ्यासाठी या केंद्राचा उत्तम उपयोग म्हणजे अर्धा स्वयंपाक घरी करणे. कुकरमध्ये वरण-भात लावणे कोणासही जमते. पोळ्या लाटणे व भाज्या चिरणे हे वेळखाऊ काम तेवढे बाहेरून घ्यावे. चार जणांच्या खोलीत ही विभागणी खाणावळीपेक्षाही स्वस्त पडू शकते.

(इ) उडुपी उपाहारगृह : माटुंग्यात १९४२ साली सुरू झालेल्या रामा नायक यांच्या श्रीकृष्ण बोर्डिंगसारख्या संस्थांनी दाक्षिणात्य नोकरदारांच्या जेवणाची सोय केली. उपनगरांतील उडुपी उपाहारगृहांचे गणित एका मेजावर दिवसभरात किती ग्राहक उठतात-बसतात यावर चालते. म्हणून दुपारची राईसप्लेट येथे किफायतशीर असते. सायंकाळी स्वतंत्रपणे मागविलेली भाजी व रोटी तशी नसते. एकाच उपाहारगृहात वेळेनुसार जेवणाचा खर्च बदलतो, हे नवख्याच्या लक्षात येत नाही.

(ई) शासकीय योजना : १९९५ साली राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू झाली. अनुदानाशिवाय तो दर टिकणे अशक्य होते आणि पुढे योजना बंद झाली. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन योजना सुरू झाली. त्या वेळी १० रुपयांत दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण व एक मूद भात असे तिचे स्वरूप होते. शहरी भागात थाळीची किंमत ५० रुपये धरून उरलेले ४० रुपये शासन देत असे. या योजनांचा दर ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत कमी असतो. परंतु थाळ्यांची संख्या व वेळ मर्यादित असल्याने तासिका असलेल्या विद्यार्थ्याने केवळ त्यांवर विसंबणे कठीण जाते.

३. स्वस्त ठिकाणे दिसत का नाहीत?

वरील प्रकारांचे बारकाईने अवलोकन केल्यास एक विसंगती ध्यानात येते. दर्शनी जागा, ठळक पाटी, छापील खाद्यपत्रिका आणि रात्री उशिरापर्यंतची वेळ या गोष्टी अनोळखी ग्राहकाला आकृष्ट करण्यासाठी असतात आणि त्यांचा खर्च अखेर ताटावरच पडतो. ज्याचा ग्राहक ठरलेला आहे त्याला पाटीची गरज नसते. इमारतीच्या तळमजल्यावरील खोली, दाराशी ओळीने ठेवलेले डबे आणि दुपारी एक वाजता येणारा फोडणीचा वास, एवढीच खाणावळीची खूण असते. पाटी लावली तर गृहनिर्माण संस्थेचा आक्षेप येण्याची भीती असते. म्हणजे जे स्वस्त ते अदृश्य आणि जे दृश्य ते महाग, अशी ही रचना आहे.

रस्त्यावरील विक्रीबाबतही काही अंशी असेच घडले. एल्फिन्स्टन रोड स्थानकावरील २९ सप्टेंबर २०१७ च्या चेंगराचेंगरीनंतर, त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वेस्थानकांपासून १५० मीटर आणि शैक्षणिक संस्थांपासून १०० मीटरच्या आत फेरीवाल्यांना व्यवसाय करता येणार नाही असा निर्णय दिला. पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी त्याची आवश्यकता समजण्यासारखी आहे. त्याचा एक परिणाम असा की, विद्यार्थ्याची पावले जेथे रोज पडतात नेमक्या त्याच परिघात स्वस्त खाद्यविक्रीस अधिकृत स्थान उरले नाही.

जुना रहिवासी ही सारी माहिती शेजारधर्मातून मिळवितो. नवख्याजवळ शेजारी नसतो. म्हणून एकाच गल्लीत, एकाच उत्पन्नात राहणाऱ्या दोघांपैकी नवखा अधिक पैसे मोजून निकृष्ट जेवतो. हीच अनोळखीपणाची किंमत होय.

४. शोधाची पद्धत

हा शोध योगायोगावर सोडण्याचे कारण नाही. अनुभवाने पुढील सूत्रे उपयुक्त ठरतात.

पहिले सूत्र म्हणजे स्थानकाच्या मुख्य रस्त्यावरून एक-दोन गल्ल्या आत शिरणे. भाडे जसे उतरते तसा ताटाचा दरही उतरतो.

दुसरे सूत्र असे की, जे रोज बाहेर जेवतात त्यांच्यामागून जावे. औद्योगिक वसाहतीचे प्रवेशद्वार, रुग्णालयाचा परिसर, रिक्षातळ व बाजारपेठ येथे दुपारी साडेबारा ते दोन या वेळेत कामगार, रिक्षाचालक व हमाल कोठे वळतात हे पाहावे. तेथे पर्याय थोडे परंतु जेवण ताजे असते, कारण केलेले सर्व संपते. हौसेने बाहेर जेवणाऱ्यांच्या रविवारच्या गर्दीवरून मात्र काहीच निष्कर्ष काढू नये.

तिसरे सूत्र म्हणजे विचारपूस. किराणा दुकानदार आणि औषधदुकानातील नोकर यांना परिसरातील खाणावळी ठाऊक असतात. 'इथे चांगले हॉटेल कोणते?' असे विचारल्यास पाटीवाले नाव मिळते. 'तुम्ही स्वतः जेवता कुठे?' असे विचारल्यास खाणावळीचा पत्ता मिळतो.

चौथे सूत्र म्हणजे महिन्याचे पैसे भरण्यापूर्वी तीन-चार दिवस रोजच्या दराने जेवून पाहणे. पोळी किती, भात पुन्हा मिळतो काय, आठवड्यात कडधान्य किती वेळा असते, पाणी कसे आहे आणि भांडी कोठे घासली जातात, हे त्या अवधीत कळते. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्यानुसार घरगुती खाद्यव्यवसायासही नोंदणी आवश्यक असून तिचा क्रमांक १४ अंकी असतो. तो विचारण्यात संकोच बाळगू नये.

५. स्वस्ताईची दुसरी बाजू

येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. खाणावळीचे जेवण स्वस्त असते, याचे एक कारण असे की तेथील श्रमाचा पूर्ण मोबदला दरात धरलेलाच नसतो. पहाटे उठून कणीक मळणारी स्त्री, तिला हातभार लावणारी मुलगी वा सासू यांचे वेतन हिशेबाच्या वहीत सहसा लिहिले जात नाही. व्यवसायासाठी घरगुती सिलिंडर वापरणे नियमबाह्य आहे आणि व्यावसायिक १९ किलोच्या सिलिंडरचा दर वरचेवर बदलतो. तो वाढला की दर वाढवावा तर सभासद जातात, न वाढवावा तर तिच्या पदरी काही उरत नाही. तेव्हा महिनाअखेरचे पैसे थकविणे किंवा न कळविता खाडा धरण्याचा हट्ट करणे म्हणजे आपल्याहून थोड्याशाच बऱ्या स्थितीतील व्यक्तीवर आपला भार टाकणे होय. विद्यार्थ्यांना दर विचारण्यास शिकवावे, तसेच वेळेवर पैसे देण्यासही शिकवावे.

निष्कर्ष व सूचना

१. उपनगरातील परवडणाऱ्या जेवणाची अडचण बहुतांशी ठिकाणांच्या अभावाची नसून माहितीच्या अभावाची आहे.

२. दरापेक्षा खाडे, वेळ, एकरकमी रक्कम व पोटभरपणा यांवर खरा खर्च ठरतो.

३. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी दरवर्षी महाविद्यालयाच्या परिसरातील खाणावळी, पोळी-भाजी केंद्रे व शासकीय केंद्रे यांची पत्ता, वेळ, दर व खाड्याचा नियम यांसह सूची करावी. चालकांची संमती घेऊन ती प्रवेशाच्या वेळी नवागतांना द्यावी. या कामास कागदाखेरीज खर्च नाही.

४. समुपदेशक-शिक्षकाने पहिल्या भेटीत निवास व शुल्क यांबरोबर जेवणाचीही चौकशी करावी.

शेजाऱ्याने सांगावयाची गोष्ट सांगण्यासाठी नवख्या विद्यार्थ्याजवळ प्रारंभीच्या दिवसांत महाविद्यालयाखेरीज दुसरे कोणी नसते. 'जेवलास का?' हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी विचारला जातो. वर्गाच्या दाराशीही तो विचारला जावा, एवढीच अपेक्षा.