बाळंतीण, नर्सबाई आणि एक गोळी



गाय व्याली की जार पडेपर्यंत आपण गोठ्यातून हलत नाही. घरच्या बाळंतिणीच्या बाबतीत मात्र बाळ रडले की सर्वांचे लक्ष बाळाकडे लागते. खरा धोका त्याच वेळी असतो. बाळंत झाल्यावर गर्भाशय घट्ट आवळले गेले नाही, तर रक्त वाहतच राहते आणि दोन-तीन तासांत बाई दगावू शकते.

यावर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन आहे. पण ते थंड ठेवावे लागते, टोचणारा जाणकारही लागतो. दूरच्या वाडीवर हे कोठून आणायचे? बेळगावचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाची कॅन्सस सिटी शाखा यांनी मिळून हा प्रश्न हाती घेतला. शीतकपाटावाचून टिकणारी मिसोप्रोस्टॉलची गोळी नर्सबाईंनी दिली, तर उपयोग होईल का?

२००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत, घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १६२० स्त्रियांवर ही पाहणी झाली. निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी. रक्त अंदाजाने ठरवले नाही. मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी अंगाखाली लावून मोजले. अर्धा लिटर किंवा अधिक रक्त जाणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर आले. म्हणजे १८ जणींना गोळी दिली, की एकीचा अतिरक्तस्राव टळला. काहींना थंडी वाजली, ताप आला, पण तो लवकर उतरला. हे निष्कर्ष २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली.

विद्यापीठाने शिकवले आणि मोजले. प्रत्यक्ष काम आपल्याच खेड्यातल्या नर्सबाईंनी केले. मोठ्या विद्येला गावातले हात मिळाले, तेव्हाच तिचा उपयोग झाला.

आपण काय करावे? बाळंतपण शक्यतो दवाखान्यातच करावे. पहिले दोन तास बाळंतिणीला एकटी सोडू नये. कपडे भराभर भिजू लागले किंवा तिला घेरी आली, तर वाट न पाहता गाडी काढावी. आणि ही गोळी आपल्या मनाने कधीही देऊ नये. बाळ पोटात असताना ती दिल्यास गर्भाशय फाटू शकते. पोटात दुसरे बाळ नाही, अशी खात्री करूनच नर्सबाई ती देतात.