कोकम, काढे आणि पाल्यांचे रस : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रायगडच्या किनाऱ्यावर, उरण-अलिबागपासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्यांमध्ये, उन्हाळ्यात रातांबे पिकले की त्यांच्या सालींना रसाची पुटे देत आमसुले वाळवली जातात, खारवलेला रस आगळ म्हणून बाटल्यांत भरला जातो आणि साखरेत मुरवलेल्या सालींपासून सरबताचा पाक तयार होतो. या पेयांची चव आणि त्यांचे आहारातील स्थान वादातीत आहे. मात्र त्यांना, तसेच दुधीचा रस, गुळवेलीचा काढा आणि कावीळ ‘उतरवणारे’ पाल्यांचे रस यांना जे औषधी गुण चिकटवले जातात, ते तपासून घेणे आवश्यक आहे. त्यासाठी तीन कसोट्या पुरेशा ठरतात : पेल्यात नेमका कोणता घटक किती प्रमाणात आहे, तो न घेणाऱ्यांच्या तुलनेत घेणाऱ्यांना खरोखर अधिक गुण आला का, आणि तो आजार एरवीही आपोआप बरा झाला असता का.

गैरसमज : कोकम सरबत नियमित प्यायल्याने चरबी झडते.

वस्तुस्थिती : या समजुतीच्या मुळाशी कोकमाच्या सालीतील हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल आहे. शरीरात जादा साखरेपासून चरबी तयार होताना जे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, लागते त्याला हे आम्ल अडवते, असे प्रयोगशाळेतील आणि प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले होते. माणसांवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १३५ स्थूल व्यक्तींचे दोन गट करून एका गटाला कोकमाच्याच कुळातील गार्सिनिया कॅम्बोजिया या फळाच्या अर्कातून रोज १५०० मिलिग्रॅम हे आम्ल, तर दुसऱ्या गटाला औषधी घटक नसलेल्या, दिसायला तशाच गोळ्या १२ आठवडे देण्यात आल्या आणि दोन्ही गटांना कमी उष्मांकाचा आहार ठेवण्यात आला. अर्क घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलो, तर बिनऔषधी गोळ्या घेणाऱ्यांचे ४.१ किलो उतरले. म्हणजे वजन घटले ते आहारामुळे, अर्कामुळे नव्हे. शिवाय घरगुती पाकात सालींच्या साधारण दुप्पट वजनाची साखर पडते, त्यामुळे सुमारे ४० मिलिलिटर पाक घालून केलेल्या एका पेल्यातून ३० ग्रॅमच्या आसपास साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभरासाठी इष्ट मानलेली मर्यादा सुमारे २५ ग्रॅमची आहे. मधुमेही व्यक्तीने बिनसाखरेचे आगळ निवडले, तरी ते भरपूर मिठावर टिकवलेले असल्याने उच्च रक्तदाब असणाऱ्याला तेही जपूनच घ्यावे लागते.

गैरसमज : सरबत किंवा पांढऱ्या कांद्याचा रस घेतला की ऊन बाधत नाही.

वस्तुस्थिती : घामावाटे गेलेले पाणी आणि क्षार भरून काढण्यास मीठ-साखरेचे सरबत उपयोगी पडते यात शंका नाही, पण उष्माघात केवळ पाणी कमी पडल्याने होत नाही, शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची व्यवस्थाच कोलमडते आणि शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून पारा फार चढलेला नसतानाही हा धोका राहतो. रायगड जिल्ह्यातीलच खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा त्या परिसरात तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. उष्माघात झालेल्या माणसाला सावलीत नेऊन, अंगावर पाणी शिंपडून व वारा घालून थंड करणे आणि तातडीने रुग्णालयात पोहोचवणे हाच उपचार होय. तो शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात सरबत किंवा रस घातल्यास तो श्वासनलिकेत जाऊन जिवावर बेतू शकते.

गैरसमज : नैसर्गिक आणि घरी केलेले पेय अपाय करत नाही; गुण आला नाही तरी तोटा नाही.

वस्तुस्थिती : दुधी भोपळ्याच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू, विषारी द्रव्ये असतात. लागवडीच्या फळांत त्यांचे प्रमाण नगण्य असते, परंतु एखादे फळ कडू निपजते आणि भाजीत पहिल्या घासाला थांबणारा माणूस औषध समजून रसाचा अख्खा पेला कडूपणासकट संपवतो. दिल्लीत २०१० मध्ये अशा रसाने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाल्यानंतर या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली. २०१८ मध्ये पुण्यातही एका महिलेचा असाच मृत्यू झाला. या विषावर उतारा नाही. म्हणून रस काढण्यापूर्वी फळाची लहानशी फोड चाखावी, ती कडू लागल्यास फळ फेकून द्यावे आणि रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब किंवा पोटदुखी सुरू झाल्यास रुग्णालय गाठावे.

गुळवेलीची गोष्टही विचार करायला लावणारी आहे. कोरोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून तिचे काढे घरोघरी उकळले गेले आणि पुढे देशातील १३ केंद्रांमधील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ४३ रुग्णांची नोंद २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होत असावी, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने अशा नोंदींवर घेतला होता. तथापि कुंपणावरची वेल तोडून काढा करणाऱ्यासाठी हा आक्षेप दिलासा नव्हे, तर आणखी एक इशाराच आहे.

माशाच्या आमटीत आंबटपणासाठी पडणाऱ्या बिंबलांचेही तसेच आहे. त्यांत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते. कोलेस्टेरॉल उतरावे म्हणून त्यांचा ताजा, दाट रस प्यायलेल्या केरळमधील १० जणांच्या मूत्रपिंडांना तीव्र इजा झाली आणि त्यांपैकी ७ जणांना डायलिसिसवर ठेवावे लागले, अशी नोंद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. आमटीतले एखाददुसरे फळ आणि मूठभर फळांचा रस यांत मात्रेचा फरक आहे आणि अपाय ठरतो तो मात्रेनेच.

गैरसमज : पाल्याच्या रसाने कावीळ उतरते.

वस्तुस्थिती : दूषित पाण्यातून पसरणारी ‘अ’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते, त्यामुळे त्या काळात दिलेल्या कोणत्याही रसाला यश मिळाल्यासारखे दिसते. परंतु डोळे पिवळे होणे हे लेप्टोस्पायरोसिसचेही लक्षण असू शकते. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा हा जिवाणूजन्य आजार कोकणात पावसाळ्यात आढळतो, पुरानंतर त्याचा धोका वाढतो आणि त्यावर वेळेत प्रतिजैविके मिळाली नाहीत तर मूत्रपिंडे व फुप्फुसे निकामी होऊ शकतात. गरोदरपणातील ‘ई’ कावीळही प्राणघातक ठरू शकते. अशा रुग्णाचे रसाच्या भरवशावर गेलेले तीन-चार दिवस भरून येत नाहीत.

सोलकढी जेवणात असावी, कमी साखरेचे कोकम सरबत उन्हाळ्यात प्यावे. त्यांना अन्न म्हणून मिळालेला मान योग्यच आहे. मात्र ताप, कावीळ, लघवी कमी होणे किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही दिसताच आधी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि घरी कोणता काढा किंवा रस किती दिवस घेतला, हे संकोच न बाळगता डॉक्टरांना सांगावे.